धुपीच्या शिडीवरचा लाल टॅग

जहूर उंड्रे कुठल्याही फळीवर पाय ठेवण्याआधी ती ठोकून बघायचा. हातातल्या पान्याचं टोक फळीवर दोनदा आपटायचं, कान द्यायचा, मग पाय. भरीव आवाज आला तर चढायचं. बद्द आला तर फळी खाली उतरवायची, मग वरचा साहेब कितीही ओरडो. पाना हातात नसला तर बोटांची पेरं होतीच. कंपनीच्या बसची पायरी, कतारातल्या अल खोरच्या कॅम्पातला दुमजली पलंग, सुट्टीत गावी गेल्यावर स्वतःच्या माळ्याचा जिना, काही म्हणून तो सोडायचा नाही. त्याची बायको हजरा म्हणायची, निकाहाच्या दिवशी तुम्ही मलाही ठोकून बघितलं असतंत, भोवती माणसं होती म्हणून वाचले.

म्हसळ्याजवळच्या खाडीकाठच्या गावातला हा माणूस. मुंबईत बांबूच्या परांचीवर त्याचा हात बसला. इमारत चढवताना तिच्या अंगाभोवती कामगारांना उभं राहायला जो सांगाडा बांधतात, ती परांची. पुढं तो लोखंडी पाइपांची परांची शिकला, कतारला आला आणि चढत चढत फोरमन झाला. कतारात परांचीला स्कॅफोल्डिंग म्हणतात आणि तिचे नियम कडक असतात. बांधून झाली की फोरमन तपासतो आणि शिडीच्या तोंडाशी टॅग लावतो. हिरवा म्हणजे चढा. लाल म्हणजे कुणीही चढायचं नाही. आणि टॅग ज्यानं लावला, त्यानंच येऊन, बघून, काढायचा. जहूरच्या गँगमधून कधी माणूस पडला नाही. त्याचा त्याला अभिमान होता आणि तो लपवायचा नाही.

नोर्बू त्याच्या गँगमध्ये आला तेव्हा अल खोरचं स्टेडियम जमिनीतून वर येऊ लागलं होतं. वर्ल्ड कप लांब होता, घाई मात्र सुरू झाली होती. नोर्बू नेपाळातल्या मुस्तांगचा. हिमालयाच्या पलीकडच्या अंगाला, जिथं पाऊस पोचत नाही, तिथल्या डोंगरातला. उंचीवर तो सपाट रस्त्यावर चालावं तसा चालायचा. जहूरनं त्याला पहिल्याच आठवड्यात झापलं. न घाबरणं हे कौशल्य नाही, बेल्ट अडकवणं हे कौशल्य आहे, असं सांगितलं. पोरगं ऐकणारं निघालं. त्या दिवसापासून ते जहूरला उस्ताद म्हणू लागलं.

दोघं हिंदीत बोलायचे. बसमध्ये नोर्बू फोनवर गावाचे फोटो दाखवायचा. तांबड्या मातीनं रंगवलेली गोम्पा, म्हणजे त्यांचं देऊळ. काळ्या वाळूची रुंद नदी. उभ्या कड्यात, माणूस पोचणारच नाही अशा जागी कोरलेल्या गुहा. त्यांतली एक त्याच्या घराण्याची. आत भिंतींवर जुनी चित्रं होती, आणि दरवर्षी पीक घरात आलं की नोर्बूची आई, आमा, शिडीनं वर चढून तिथं तुपाचा दिवा लावायची. बाकी जग सपाट आहे की काय असं वाटावं इतक्या सपाट मुलखातून बस जात असायची. जहूर ते फोटो पुन्हा पुन्हा मागून घ्यायचा.

कॅम्पातली रीत अशी, की सुट्टीवर निघालेल्यानं मागं राहिलेल्यांचं सामान न्यायचं आणि ते घरी जाऊन स्वतःच्या हातानं द्यायचं. कुरिअरनंही सामान पोचतं. पण घरच्यांना बघून आलेला माणूस परत येऊन समोर बसतो, ते कुरिअरला जमत नाही. दोन हजार सोळाच्या शरद ऋतूत जहूरची सुट्टी मंजूर झाली आणि नोर्बूची अडली. जहूर म्हणाला, आण तुझ्या आईची पिशवी. नोर्बूला थट्टा वाटली. म्हसळ्याच्या वाटेवर मुस्तांग लागत नाही. पण जहूरच्या मनात ते कधीचं होतं. इतकी वर्षं सुट्टी म्हणजे गाव, लग्नं, घराची डागडुजी. स्वतःसाठी त्यानं एक दिवस घेतला नव्हता. या वेळी त्यानं हजराला बरोबर घेतलं आणि सुट्टीतला मोठा तुकडा डोंगराला दिला.

रेल्वेनं गोरखपूर, बसनं पोखरा, तिथून जीप. जीपचा रस्ता म्हणजे नदीच्या काठावर ओढलेली एक रेघ. हजरानं डोळे मिटून जेवढे कलमे पाठ होते तेवढे म्हटले. मुस्तांगातल्या कागबेनी गावाला उतरल्यावर मात्र तिला आवरेना. गल्ल्या घरांच्या पोटातून जायच्या. जुन्या गोम्पातल्या लामानं तिला काळवंडलेली चित्रं दिवा धरून दाखवली, तेव्हा तिनं जहूरच्या आधी चपला काढल्या. नदीच्या पात्रात तिला एक काळा गोल दगड सापडला. फोडलेल्या बाजूला शंखाची वळणं उमटलेली. खाडीकाठची बाई ती. शंख तिला कुणी ओळखून द्यायला नको होता.

"ह्ये आपल्याकडंचा हाय," ती म्हणाली. "इथं कसा आला?"

समुद्र होता म्हणतात इथं, जहूरनं ऐकीव सांगितलं. तिनं दगड पदरात बांधला आणि दिवसभर हातानं चाचपत राहिली. दुपारी वारा सुटला की तोंडात माती जायची आणि दोघं भिंतीच्या आडोशाला बसून हसायची. बावीस वर्षांच्या संसारात इतके दिवस सलग ती एकत्र नव्हती.

नोर्बूचं गाव कागबेनीच्या वर, दमछाक करणाऱ्या चढावर. आमा दारातच उभी होती. ठेंगणी, वाळलेली, गालांवर उन्हाचे चट्टे. पिशवी तिनं बाजूला ठेवली आणि आधी जहूरचे हात बघितले. तळव्याचे घट्टे दाबून बघितले आणि मान हलवली. तिच्या पोराचे हात असेच झाले असणार, हे तिला त्यावरून कळलं असावं. पीक घरात आलं होतं. दिव्याचा दिवस तिनं पाहुण्यांसाठी राखून ठेवला होता.

गुहा गावामागच्या कड्यात होती. खालून एक शिडी, तिच्यावर कड्यात खुपसलेल्या तुळयांचा लाकडी मंच, मंचावरून गुहेचं तोंड. सगळं लाकूड धुपीचं. ज्याचा पाला ते लोक धूप म्हणून जाळतात, ते झाड. लाकूड काळं पडलेलं, भेगाळलेलं. आमानं दिव्याची वाटी कापडात बांधून पाठीला लावली आणि शिडीला हात घातला.

"थांबा," जहूर म्हणाला.

त्यानं शिडी ठोकली. बद्द. पुन्हा ठोकली. तुळईचं जे टोक हाताशी येत होतं ते ठोकलं. बद्दच. नखानं खरवडलं तर काळा भुगा निघाला. कतारच्या दमट खाऱ्या हवेत असा आवाज देणारी फळी त्यानं कधी वर राहू दिली नव्हती.

त्यानं मान हलवली. आमाला कळेना. ती हसून पुन्हा शिडीकडं वळली, तर त्यानं मध्ये हात धरला.

"ती दरसाल चरते," हजरा हळूच म्हणाली. "ह्या लाकडानं तुमचा काय बिगारलाय?"

"दरसाल चढते म्हणूनच एक दिवस पडेल. पडलेली माणसं मी बघितलीत. तू नाही बघितलीस."

शेताच्या बांधावर फोन लागायचा. जहूरनं नोर्बूला गाठलं आणि सांगितलं.

"नक्की, उस्ताद?"

"बद्द येतोय आवाज."

"मग खलास," नोर्बू म्हणाला. विषय संपला की कतारात असंच म्हणतात.

त्यानं आईला तिच्या भाषेत समजावलं. साइटवरचा नियमच सांगितला. लाल म्हणजे चढायचं नाही, आणि उस्तादनं बांधलंय तर उस्तादच सोडेल. जहूरच्या बॅगेत टॅग होताच. ती त्याची साइटची बॅग. त्यानं तो शिडीच्या तिसऱ्या पायरीला तारेनं आवळून बांधला. आमानं शिडीच्या लाकडावर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि दिवा तिथंच खाली, दगडाच्या आडोशाला लावला. वाऱ्यानं तो दोनदा विझला.

उद्या दुरुस्त करतो, जहूर म्हणाला होता. पण गावात सरळ लाकूड नव्हतं. खालच्या जोमसोमच्या बाजारातून मागवायचं तर आठवडा. परतीची तिकिटं काढलेली, हजराला ताप भरू लागलेला. जहूरनं वितीनं सगळं मोजून घेतलं. पुढच्या सुट्टीत पाइप आणि क्लॅम्प घेऊन येतो, एका दिवसाचं काम आहे, असं सांगून तो उतरला. खोटं बोलला नव्हता. काम एका दिवसाचंच होतं.

पुढच्या जूनमध्ये शेजारच्या देशांनी कतारच्या सीमा बंद केल्या. सामान लांबच्या वाटेनं येऊ लागलं, तारखा मात्र हलल्या नाहीत. सुट्ट्या थांबल्या. त्याच्या पुढच्या वर्षी सुट्टी मिळाली ती मुलीच्या, शफाच्या, लग्नात गेली. नोर्बू त्या वर्षी घरी जाऊन आला. परत आला तेव्हा स्टेडियमचं छत चढत होतं. दोघं वर, एकाच मंचावर, पाण्याच्या बाटल्या घेऊन बसले होते.

"आमा?" जहूरनं विचारलं.

"खालीच दिवा लावते."

"तू चढलास?"

नोर्बू बेल्टचा हूक उगाच उघडझाप करत राहिला. "चढलो, उस्ताद. सगळेच चढतात. गुराखी चढतात. एक गोरा बाप्या कॅमेरा घेऊन चढला."

"धरलं?"

"धरलं. बापानं बसवलेलं लाकूड आहे ते. मी लहान असताना, एकट्यानं. पुढच्याच वर्षी गेला तो."

जहूरनं बाटली खाली ठेवली. हे आधी का नाही बोललास, असं त्यानं विचारलं.

"तुम्ही उस्ताद. तुम्ही बद्द म्हणालात."

मग आमा का चढत नाही, या प्रश्नावर नोर्बू कसनुसा हसला. तिला त्यानं सांगितलं होतं, चढ म्हणून. तिचं म्हणणं असं, की पाहुण्यानं बांधलंय, तो येतो म्हणालाय, तर येईल. मी तोडून टाकलं तर त्याचा शब्द खाली पडेल.

"तुम्ही फोनवर सांगा," नोर्बू म्हणाला. "तुम्ही म्हणालात तर आजच चढेल."

एका वाक्याचं काम होतं. यल्ला, म्हणजे चल, चढ. एवढंच. पण जहूर उंड्रेनं आयुष्यात न बघता हिरवा टॅग दिला नव्हता. इंजिनियरनं हात जोडले तरी दिला नव्हता. आणि बद्द आवाज त्यानं स्वतःच्या कानानं ऐकला होता. दोन माणसं चढली म्हणून तिसरं चढेल, असं मानणारे लोक त्याला ठाऊक होते. त्यांतल्या काहींची नावं आता कुणी घेत नव्हतं.

"मी येतो," तो म्हणाला. "बघतो. मग काढतो."

"इन्शाल्ला," नोर्बू म्हणाला. त्याला तो शब्द कतारात येऊन लागला होता.

हजराला त्यानं फोनवर हे सांगितलं तेव्हा ती चिडली नाही. तुमच्या कानापुढं बाईचा काय चालायचा, एवढंच म्हणाली आणि शफाच्या सासरचं बोलू लागली. ते जास्त लागलं.

मग त्याचा गुडघा धरू लागला. मग कोविड आला, कॅम्पाचं फाटक बंद झालं, महिनोन्‌महिने अल खोरच्या बाहेर पाऊल नाही. दर वर्षी पीक निघायच्या सुमाराला नोर्बू त्याच्याकडं बघायचा, आणि जहूर म्हणायचा, स्टेडियम एकदा हातावेगळं होऊ दे.

ते झालं. परांचीवाल्याचं शेवटचं काम म्हणजे परांची उतरवणं. एकेक पाइप खाली आला, ट्रक भरले, आणि आत दडलेलं स्टेडियम मोठ्या तंबूसारखं उघडं पडलं. जहूरनं लांबून बघितलं. त्यानं बांधलेलं त्यात काहीच नव्हतं. तेच अपेक्षित असतं. याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं, त्या दिवशी वाटलं. दोन हजार बावीसच्या शरदात, सामने सुरू होण्याआधी, कंपनीनं माणसं घरी पाठवायला सुरुवात केली. जहूरचा तर कायमचाच निरोप होता. वय झालं होतं. हजरा फोनवर म्हणाली, आधी तिकडं जा, मग घराकडं या. घर काय पलत नाय.

नोर्बूबरोबर तो काठमांडूला उतरला. या वेळी जीपचा रस्ता रुंद झालेला. कागबेनीला नवी लॉज उभी होती. जहूरनं गोम्पाकडं, नदीकडं बघितलं नाही. बॅगेत क्लॅम्प होते, हिरवा टॅग होता. वरचा चढ चढताना नोर्बूला त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा थांबावं लागलं.

आमा दारात नव्हती. आत, चुलीजवळ, अंथरुणावर होती. गेल्या हिवाळ्यात घराच्याच उंबऱ्यावर, गोठलेल्या पाण्यावरून घसरली होती. खुब्याचं हाड. नोर्बूला ठाऊक होतं. उस्तादला कसं सांगावं, हे त्याला सुचलं नव्हतं. तिनं जहूरचे हात ओढून घेतले आणि पूर्वीसारखेच दाबून बघितले. आलास, एवढं म्हणाली. आरोप त्यात नव्हता. असता तर जहूरला काही बोलता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी नोर्बूनं तिला पाठीवर घेतलं आणि कड्याखाली आणून घोंगडीवर टेकवलं. शिडी तशीच होती. टॅगचा लाल रंग उन्हानं पार उडाला होता, प्लास्टिक पांढरं पडलं होतं, पण तार घट्ट होती. चांगलीच आवळली होती त्यानं. खालच्या पायऱ्या अलीकडच्या चपलांनी गुळगुळीत झाल्या होत्या.

जहूरनं पान्याचं टोक तुळईच्या भेगेत घालून एक ढलपी उचकटली. काळा थर बोटाच्या नखाएवढा. आत लाकूड तांबूस, घट्ट, आणि वास असा की आजच कापलंय. कोरड्या हवेत धुपी वरून जळते आणि आतून टिकते. काळा थर सुटा होतो, म्हणून आवाज बद्द येतो. त्यानं फक्त साल ठोकली होती. आत बघायला अर्ध्या मिनिटाचं काम होतं, आणि तेवढं त्यानं त्या दिवशी केलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांना ज्यासाठी झापलं, तेच.

त्यानं तार सोडली. क्लॅम्प बॅगेतच राहिले. हिरवा टॅग लावायला काढला होता, तोही परत आत टाकला.

नोर्बू म्हणाला, आमा, पाठीवर घेतो, चढू. ती नको म्हणाली. ही चढण स्वतःच्या पायांनी चढायची असते, मालासारखं वर जायचं नसतं. मग तिनं दिव्याची वाटी उचलली आणि पोराकडं न देता जहूरकडं धरली. त्यानं ती घेतली. या दिव्याचा आपला काय संबंध, असा विचार त्याच्या मनात आलाही नाही.

तो चढू लागला. गुडघा प्रत्येक पायरीला बोलत होता. अर्ध्यावर सवयीनं हात पुढं गेला आणि पेरांनी वरची पायरी ठोकली. टक टक. खाली आमानं मान दुसरीकडं वळवली. ते त्याला वरून दिसलं.

मंचाच्या काठाशी, कड्यात शिरलेल्या तुळईच्या अंगात, एक खोबण होती. खालून ती दिसत नव्हती. पटाशीनं कोरलेली, आतून घासून मऊ केलेली, शिडीवरून मंचावर येताना हात जिथं आधार शोधतो, नेमकी तिथं. जहूरच्या हाताच्या मानानं ती जरा खालच्या बाजूला होती. त्याची दोनच बोटं आत गेली. ठेंगण्या बाईच्या उंचीची, बारीक हाताच्या मापाची खोबण. कडेला वर्षानुवर्षांच्या पकडीनं चकाकी आली होती, आणि चकाकीवर आता धूळ होती. हे कोरायला एका माणसाला शिडीवर लटकून पूर्ण दिवस लागला असणार, हे जहूरला कुणी सांगायला नको होतं. आणि पुढच्याच वर्षी नोर्बूचा बाप गेला होता.

गुहेत वारा नव्हता. भिंतीवरच्या चित्रांतले चेहरे अर्धे पुसले होते, डोळे शाबूत होते. त्यानं दिवा लावला. ज्योत सरळ उभी राहिली.

खाली आल्यावर आमानं काहीतरी विचारलं. गुडघा दुखला का, असं विचारतेय, नोर्बू म्हणाला.

"दुखला."

ती बोलली ते नोर्बूनं जरा थांबून सांगितलं. "तिचाही दुखायचा. म्हणते, तिथं खोबणीपाशी मी थोडी थांबायचे."

आमानं उजवा हात वर केला होता. बोटं हवेतच वळलेली होती, काहीतरी धरल्यासारखी.

"मीपण थांबलो," जहूर म्हणाला. "सांग तिला."